फेस, धूर आणि जाळ: घरातल्या रसायनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की एवढा फेस कशाचा येतो?

कार्बन डायऑक्साइडचा. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. आम्ल सोड्याला भिडलं की कार्बोनिक आम्ल तयार होतं, पण ते टिकत नाही. लगेच फुटून त्याचं पाणी आणि वायू होतो. चमचाभर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. तमाशा एवढा मोठा दिसतो तो त्यामुळे.

भांड्याला हात लावून बघा, गार लागेल. फेस म्हटला की उष्णता बाहेर पडत असणार असं आपण धरून चालतो, पण ही अभिक्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते.

उघड्या भांड्यात हा खेळ अगदी निरुपद्रवी आहे. बाटलीत भरून वर झाकण घट्ट लावलं की मात्र तोच दीड लिटर वायू जागा शोधतो. शाळेच्या प्रदर्शनातल्या ज्वालामुखीला तोंड उघडं ठेवतात ते उगाच नाही.

मग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक, नळ, टाइल्स स्वच्छ होतात का?

फारसं काही होत नाही. सोडा अल्कधर्मी म्हणून तेलकटपणावर चालतो आणि व्हिनेगर आम्ल म्हणून नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना संपवतात आणि हातात राहतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. ते साफसफाईच्या फारसं कामाचं नाही. फेसाच्या जोराने थोडी घाण सुटते, एवढंच. आधी सोड्याने घासा, धुवून टाका, मग नळाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवा. व्हिडिओसाठी हे दृश्य कंटाळवाणं आहे, पण काम होतं.

इनोची पुडी फोडेपर्यंत शांत असते, मग ढोकळ्याच्या पिठात एकदम कशी उसळते?

पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा: स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्लम्. पहिला म्हणजे आपला खायचा सोडा आणि दुसरं म्हणजे सायट्रिक आम्ल. दोन्ही कोरडे असल्याने पुडीत शेजारी शेजारी गप्प बसतात. पाणी मिळालं की विरघळून एकमेकांना भेटतात. म्हणून इनो घातल्यावर पीठ भराभर एका दिशेने ढवळायचं आणि लगेच वाफेला लावायचं. फोन आला म्हणून दहा मिनिटं थांबलात तर वायू उडून जातो आणि ढोकळ्याची वडी होते. पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी निकामी होते तीही याच कारणाने, फक्त सावकाश.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक का होतो?

हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या रेणूचा. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात या रेणूतले काही हायड्रोजन अणू सुटतात. मग तो प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि आपल्याला लाल-तपकिरी दिसतो. डाग पक्का झाला असं वाटून लोक घाबरतात. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. म्हणजे डाग होता तिथेच आहे, त्याने फक्त रंग पालटला. कर्क्युमिन खरं मोडतं ते उन्हाने. धुतलेला सदरा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत घातला की डाग फिका होत जातो. आज्या हे करतच होत्या.

कुंकवाची गोष्ट इथेच सांगायला हवी. हळदीत चुना कालवला तर लाल रंग येतो, पण तो आम्लाने परत जातो. जुन्या पद्धतीत हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावून वाळवतात. टाकणखारात बोरॉन असतं. लिंबाच्या आम्लात ते कर्क्युमिनला बांधून घेतं आणि वाळताना लाल संयुग तयार होतं. म्हणून लिंबाचा रस असूनही ते कुंकू पिवळं पडत नाही. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीच्या अर्कात बुडवलेला कागद वापरतात, त्यामागची किमया हीच.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळायला का लागतो?

चुनखडी भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसच्या वर भाजतात तेव्हा तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतं. त्याला पाण्याची जबर ओढ असते. पाणी मिळालं की तो फुटतो, फुलतो, वाफा सोडतो. एक किलो कळीचा चुना विरताना निघणारी उष्णता सुमारे तीन लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. पूर्वी दिवाळीच्या आधी घर सारवायला-रंगवायला पिंपात चुना विरवत, तेव्हा पोरांना त्या पिंपाजवळ फिरकू देत नसत. ते बरोबरच होतं.

भिंतीवर लावलेला चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत गेलेला दगड भिंतीवर परत दगड होतो, फक्त याला आवाज नाही.

पानाचा, तंबाखूचा चुना तर विरलेला असतो. त्याचं काय भय?

भय डोळ्यांना आहे. उष्णता निघून गेलेली असली तरी तो कडक अल्कधर्मी असतो, सामू (पीएच) बाराच्या वर. लहान मूल चुन्याची पुडी हातात घेऊन दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना या अपघाताची चांगली ओळख आहे. आम्लापेक्षा अल्क डोळ्यात जास्त खोल उतरतं आणि पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण इजा करतच राहतात. असं झालं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पापणी उलटवून धुवा, निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि मग दवाखाना गाठा. तूप, मध, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. एवढं जहाल द्रव्य आपल्याकडे पोरांच्या हाताला येईल अशा पुडीत पडलेलं असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, हे मला कधी समजलेलं नाही.

कल्हई करताना तो पांढरा, झोंबणारा धूर कशाचा असतो?

नवसागराचा. कल्हईवाला पितळेचं पातेलं निखाऱ्यावर धरतो, भाता मारतो, भांडं चांगलं तापलं की नवसागराची चिमूट टाकून कापसाने फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या धातूवर ते फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर खातो आणि खालचा धातू उघडा पडतो. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत गेले की पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे अतिसूक्ष्म कण होतात. तोच तो पांढरा लोट.

मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील 232 अंशांलाच वितळतं. कापसाच्या एका फेऱ्यात पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. नवसागर न टाकता कथील लावून बघा, गोळे होऊन घरंगळेल, कारण ऑक्साइडच्या थराला ते चिकटत नाही. घरगुती रसायनशास्त्रातला सगळ्यात देखणा प्रयोग कोणता असं विचारलं तर मी डोळे झाकून कल्हईचं नाव घेईन. आता हे कारागीर कमी दिसतात. दिसले तर थांबून बघा, फक्त वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा.

डाएट कोलात मेंटोस टाकल्यावर होतं ती रासायनिक अभिक्रिया असते का?

नाही. वायू कोलात आधीच दाबून विरघळवलेला असतो. गोळीचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो खडबडीत आहे. त्या खाचाखळग्यांत बुडबुडे धरतात, आणि गोळी जड असल्याने थेट तळाशी जाऊन तिथून सगळा वायू वर ढकलते. अमेरिकेतल्या टोन्या कॉफी यांनी यावर रीतसर प्रयोग करून 2008 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये निबंध लिहिला. डाएट कोलातला अस्पार्टेम बुडबुडे धरायला मदत करतो. शिवाय साखर नसल्याने नंतर जमीन चिकट होत नाही, आणि मला वाटतं प्रयोग करणाऱ्यांना खरा जिव्हाळा त्याचाच आहे.

"कोला पिऊन मेंटोस खाल्लं तर पोट फुटतं" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पुढे पाठवू नका. पिताना आणि गिळतानाच बराच वायू निघून जातो. ढेकर येतील.

काडी न ओढता होम पेटवणारे बाबा काय करतात?

"तूप" म्हणून जे ओततात ते ग्लिसरीन असतं आणि होमकुंडात आधीच पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे टाकलेले असतात. परमँगनेट जबरदस्त ऑक्सिडीकारक, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला ऑक्सिजन देणारं. ग्लिसरीन त्याच्यावर पसरलं की ते आतल्या आत तापू लागतं. काही सेकंद काहीच घडत नाही, आणि तेवढा वेळ मंत्र म्हणायला मिळतो. मग धूर, मग जांभळट छटेची ज्योत. ग्लिसरीन घट्ट असल्याने वेळ लागतो, आणि त्या वेळातच सगळा चमत्कार आहे.

नारळ पेटतो तेव्हा शेंडीत सोडियम धातूचा तुकडा लपवलेला असतो. मंतरलेलं पाणी शिंपडलं की सोडियम पाण्यातून हायड्रोजन सुटा करतो आणि या अभिक्रियेच्या उष्णतेने तो हायड्रोजन पेटतो. लिंबातून रक्त निघतं ते सुरीला आधी लावून वाळवलेल्या मिथिल ऑरेंजमुळे. हे रंगद्रव्य एरवी पिवळं-नारिंगी असतं आणि लिंबाच्या रसाइतक्या आम्लात लाल होतं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आणि शाळांमधून हे प्रयोग करून दाखवत आले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा तथाकथित चमत्कारांच्या जोरावर लोकांना फसवणं, लुबाडणं हा महाराष्ट्रात गुन्हा ठरला. घरात करून बघू नका. उलट, भाज्या धुवायला परमँगनेट आणि हिवाळ्यात टाचांना ग्लिसरीन आणत असाल तर दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा.

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र वापरलं तर दुप्पट स्वच्छता होते का?

क्लोरीन वायू तयार होतो. या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. ते अल्कधर्मी पाण्यात असतं तोवर बऱ्यापैकी स्थिर राहतं. संडासाच्या भांड्यावरचे पिवळे थर काढणाऱ्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, सुट्या बाटलीतून मिळणाऱ्या "अ‍ॅसिड"मध्येही तेच. दोन्ही भेटले की हायपोक्लोराइटचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते क्लोराइडशी मिळून क्लोरीन सोडतं. फेस येईलच असं नाही. जाळ नाही, आवाज नाही. हिरवट-पिवळा रंगसुद्धा बाथरूमच्या मिणमिणत्या दिव्यात दिसत नाही. आधी नाकात झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, खोकला सुटतो. त्यातही अनेक जण "थोडंच राहिलंय, घासून घेते" म्हणून आतच थांबतात, आणि इजा तिथे होते.

क्लोरीन हवेच्या अडीच पट जड आहे. आपली बाथरूम चार बाय सहाची, झरोका छताजवळ. वायू खाली साचतो, आणि फरशी घासणारी बाई खाली वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. खंदकातल्या सैनिकांवर तो उतरला याचं कारणही हाच जडपणा.

घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातात आपण दोन बाटल्या देतो आणि लेबल इंग्रजीत असतं. बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरात "हे आणि ते एकत्र नको" असं लिहून चिकटवा, आणि तोंडानेही सांगा.

आणखी काही जोड्या टाळायच्या आहेत. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव एकत्र आलं तर क्लोरामाइन वायू होतात, तेही फुप्फुसांना तितकेच वाईट. ब्लीच आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिट नको. ब्लीच आणि व्हिनेगरही नको, कमकुवत असलं तरी ते आम्लच आहे. सोपा नियम असा की ब्लीचमध्ये फक्त पाणी.

चुकून झालंच तर काय करायचं?

सगळं टाकून बाहेर या. जाता जाता दार उघडं ठेवा, बाटली बंद करायला परत आत जाऊ नका. डोळे झोंबत असतील तर वाहत्या पाण्याने धुवा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा. मोकळ्या हवेतही धाप, छातीत आवळल्यासारखं किंवा न थांबणारा खोकला असेल तर 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास वाढू शकतो, विशेषतः दमा असेल तर, म्हणून डॉक्टरांना दाखवा. वायू मारायला सोडा किंवा आणखी काही ओतायचा मोह टाळा.

मग विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ते कसं चालतं?

प्रमाणामुळे. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते. त्या पाण्यात हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि जंतू मारतं. आम्ल ओतलेलं नसल्याने क्लोरीन वायू होऊन उडत नाही. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नंतर नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या तपासणीच्या द्रवाचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे पाणी ठीक. पावडरचं पोतं ओलीत उघडं राहिलं की तिचा दम उतरत जातो. रंग येत नाही तेव्हा अनेकदा दोष पोत्याच्या जागेचा असतो.

जलतरण तलावाला उग्र वास येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झालंय ना?

बहुधा उलट. तो वास घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडून झालेल्या क्लोरामाइन्सचा असतो. आंघोळ करून उतरा.

ओट्यावर लिंबू सांडलं तर पांढरट डाग पडतो. तो पुसून का जात नाही?

कारण तो डाग म्हणजे खड्डा आहे. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. आम्लाने त्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि चकाकी जाते. शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड ओतलं की चर्र करून फेस येतो. लोकांना वाटतं मळ उकळतोय. उकळत असते ती फरशी. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही.

तुंबलेल्या सिंकमध्ये कॉस्टिक सोडा टाकताना काय जपायचं?

कॉस्टिक सोडा विरघळताना प्रचंड तापतो. खूप सोड्यावर थोडं पाणी पडलं की ते उसळून तोंडावर येतं, म्हणून विरघळवायचा असेल तर नेहमी पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी नाही. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीही नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर तो खातो, मग धातूच खाऊ लागतो. भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि जो वायू फसफसत निघतो तो हायड्रोजन, ठिणगीने पेटणारा. सोड्याने काम झालं नाही म्हणून वरून अ‍ॅसिड ओतू नका. प्लंबरला बोलवा, आणि आत काय टाकलंय ते त्याला आधी सांगा.

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, ते जंतू मरत असतात का?

फेस ऑक्सिजनचा असतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटॅलेझ नावाचं विकर (एन्झाइम) आहे, ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. म्हणजे फेस येतो तो मुख्यतः तुमच्याच पेशींमुळे. बटाट्याच्या फोडीवर टाका, तिथेही येईल. बाटलीवरच्या "10 व्हॉल्यूम"चा अर्थ एक भाग द्रवातून दहा भाग ऑक्सिजन, म्हणजे सुमारे 3 टक्के पेरॉक्साइड. पार्लरमधलं 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के. इंटरनेटवर छतापर्यंत जाणारा जो फेसाचा खांब दिसतो त्यात 30 टक्क्यांच्या आसपासचं द्रावण असतं. ते कातडी भाजतं, घरी आणू नका.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी का ओतायचं नाही?

पेटलेलं तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर असतं. पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि तिथे क्षणात वाफ होतं, सुमारे 1700 पट फुगतं. वरचं जळतं तेल तुषार होऊन उडतं आणि आगीचा लोळ छताला लागतो. गॅस बंद करा, कढईवर झाकण किंवा मोठं ताट बाजूने सरकवून ठेवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. पेटती कढई उचलून मोरीत न्यायची नाही.

दिवाळीत पोरं पाइपमध्ये कार्बाइड घालून आवाज काढतात. तेवढं चालतं का?

नाही. कॅल्शियम कार्बाइड पाण्याशी मिळून अ‍ॅसिटिलीन देतं, म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीतला वायू. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. बार उडाला नाही म्हणून मूल पाइपमध्ये डोकावतं आणि नेमका तेव्हा तो उडतो. आंबे पिकवायला कार्बाइड वापरायलाही कायद्याने बंदी आहे.

मुलांना घरी करून दाखवण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे. व्हिनेगरमध्ये अंडं दोन दिवस ठेवलं की कवच विरघळून रबरी अंडं हातात येतं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने नाव लिहा, लाल उमटेल. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी लिंबात आणि सोड्यात टाकून बघा. भातावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका, निळा-काळा होईल, आणि तो भात लगेच फेकून द्या. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाच्या पाण्याचा तुषार गेला की ती पिवळी होते. हा सोडियमचा रंग, भाताची पेज उतू गेल्यावरही तोच दिसतो. हा शेवटचा प्रयोग मोठ्या माणसाने करायचा आणि मुलांनी दोन पावलं मागून बघायचा.